तळाशी पडलेले दप्तर : सिंधुदुर्गाच्या पाण्यात बुडी मारण्यापूर्वी

१.
१६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात ‘वासा’ ही स्वीडनची युद्धनौका पहिल्याच सफरीत बुडाली. १९६१ मध्ये ती वर काढली तेव्हा तिचे लाकूड बव्हंशी शाबूत होते. आज ती संग्रहालयात उभी आहे. ती बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १६३० मध्ये, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे महाराजांनी शेकडो लहानमोठ्या जहाजांचे आरमार उभारले. त्यांतले एकही गलबत, एकही गुराब आज आपल्यासमोर उभी नाही. हे सारे गेले कुठे? या प्रश्नाचा माग काढत या थ्रेडमध्ये आपण भिवंडीच्या खाडीपासून मालवणच्या समुद्रतळापर्यंत जाणार आहोत. सुट्टीत स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्या पर्यटकाचा या इतिहासाशी काय संबंध येतो, हेही पाहू.

२.
आमच्या भिवंडीची आजची ओळख यंत्रमाग आणि गोदामे ही आहे. इथे कधी बंदर होते, हे भिवंडीत वाढलेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. कामवारी नदी जिथे खाडीला मिळते, तिथून भरतीच्या पाण्यावर तारवे ये-जा करत. पाठीमागे सह्याद्रीच्या उतारावरचे सागवान, समोर समुद्राला जाऊन मिळणारी खाडी आणि शेजारी कल्याणची जुनी पेठ. जहाजबांधणीला लाकूड, पाणी आणि कारागीर लागतात. इथे तिन्ही हाताशी होते. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या राज्याला प्रथमच खाऱ्या पाण्याची वाट मिळाली.

३.
पुढच्या घडामोडींचा महत्त्वाचा पुरावा पोर्तुगीज कागदपत्रांतून मिळतो. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेल्या पत्रात शहाजींच्या पुत्राने भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधवल्याची खबर आहे. ही जहाजे समुद्रात उतरू देऊ नयेत असे आपल्या कप्तानाला बजावल्याचेही त्यात नमूद आहे. या जहाजबांधणीत रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाचा हात होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दबावामुळे तो आणि त्याची माणसे काम सोडून निघून गेली. म्हणजे मराठा आरमाराच्या जन्माची एक नोंद त्या आरमाराची धास्ती घेतलेल्यांच्या पत्रात आहे, आणि तिच्यात भिवंडीचे नाव आहे.

४.
आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भिवंडी-कल्याणहून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा दोन. एक वसईच्या खाडीने पश्चिमेला, दुसरी ठाण्याच्या खाडीने दक्षिणेला. वसई पोर्तुगीजांची, ठाणे पोर्तुगीजांचे, मधली साष्टीही त्यांचीच. पनवेलची वाट मुंबईच्या बंदरात उतरे. १६५९ मध्ये मुंबईही पोर्तुगीजांकडेच होती. जहाज आपल्या अंगणात बांधायचे आणि दाराची किल्ली मात्र शेजाऱ्याच्या कमरेला, अशी ही अवस्था होती. उत्तर कोकणातल्या खाड्या जहाजे बांधण्यास उत्तम होत्या. मोकळ्या समुद्रावर हुकमत चालवण्यास अपुऱ्या होत्या. मालवणच्या खडकाळ बेटाचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

५.
२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सुमारे ४८ एकरांचे बेट, नागमोडी फिरणारा तट आणि भोवती पाण्यात लपलेले खडक. या खडकांतून होडी कशी काढायची, हे तिथल्या तांडेलांना पाठ होते आणि परक्याला ते जिवावर बेतणारे होते. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट अशी त्याची पाठराखण होती. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून स्वतः आरमारासह बसरूरच्या स्वारीवर निघाले. इंग्रजांच्या पत्रांत या ताफ्यात ८५ लढाऊ नौका आणि तीन मोठी जहाजे असल्याचा उल्लेख सापडतो.

६.
या किनाऱ्याने पुढे कित्येक लढाया पाहिल्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले आणि पुढच्या वर्षी तो करवीरकरांना परत केला. बंदर शतकानुशतके वापरात असले की त्याच्या तळाशी वस्तू साचत जातात. तुटलेले नांगर, जहाज स्थिर राहावे म्हणून तळात भरलेले दगड, फुटकी भांडी, तोफगोळे, वादळात गेलेला माल हे सारे तळाशी उतरते. कागदावरचे दप्तर कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेले असते. तळाचे दप्तर मात्र नकळत लिहिले गेलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल वाटते ते यामुळेच.

७.
मग लाकडी जहाजे का उरली नाहीत? याचे उत्तर समुद्राच्या खारटपणात आणि उबेत आहे. उष्ण, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे जीव असतात. उघडे पडलेले लाकूड त्यांच्या तावडीत सापडले की थोड्याच वर्षांत त्याची चाळण होते. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड आणि कमी खारे असल्यामुळे हे जीव तिथे फारसे टिकत नाहीत. ‘वासा’ वाचली ती या कारणाने. आपल्याकडे टिकते ते दगड, धातू आणि भाजलेली माती. लाकूड टिकलेच, तर ते गाळाखाली गाडले गेलेले, प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरात.

८.
यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. पर्यटक जिथे जातात ते मालवणचे त्यातल्या त्यात नितळ पाणी डोळ्यांना सुखावते, पण जहाजाच्या लाकडाला ते मारक असते. ज्या भिवंडीच्या खाडीत कोणी बुडी मारण्याची कल्पनाही करणार नाही, तिथला काळा गाळ लाकडाचा उत्तम रखवालदार ठरू शकतो. त्या गाळाखाली काही आहे, असा दावा मी करत नाही. पण खाडीत भराव टाकताना किंवा पुलाचे खांब रोवताना जुनी फळी वर आली, तर ती ‘सडके लाकूड’ म्हणून फेकून देण्यापूर्वी तिच्याकडे एकदा निरखून पाहावे, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

९.
आता पाण्याखाली जाण्याच्या साधनाकडे वळू. पाणबुड्ये हजारो वर्षांपासून आहेत, पण एका श्वासात ते मिनिटभर, फार तर थोडा अधिक वेळ राहू शकत. एकोणिसाव्या शतकात धातूचे शिरस्त्राण आणि वरून हवा पुरवणारी नळी आली. १९४३ मध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने पाण्याच्या दाबानुसार आपोआप हवा देणारे उपकरण सिद्ध केले आणि माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळा पोहू लागला. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि टाकीतली हवाही दुप्पट वेगाने संपते. तळाशी मिळणारा प्रत्येक मिनिट मोजका असतो. निरीक्षण करायचे तर पुनःपुन्हा उतरावे लागते.

१०.
या साधनाने इतिहासाचे दार कोणी उघडले? तुर्कस्तानात स्पंज काढून पोट भरणाऱ्या पाणबुड्यांनी. बोद्रुमच्या पाणबुड्यांकडून ऐकलेल्या माहितीचा माग काढत १९६० मध्ये जॉर्ज बास यांनी केप गेलिदोन्या येथे, सुमारे ३२०० वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाचे समुद्रतळावर शास्त्रशुद्ध उत्खनन केले. १९८२ मध्ये मेहमेत चाकिर या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याने तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. ती निघाली तांब्याच्या लगडी. उलुबुरुन येथील त्या जहाजातून सुमारे दहा टन तांबे मिळाले आणि कांस्ययुगातील व्यापाराचे चित्र पालटले. हे घडले, कारण तिथले संशोधक किनाऱ्यावरच्या पाणबुड्यांमध्ये जाऊन काय पाहावे, हे समजावून सांगत असत.

११.
भारतात ही विद्या गोव्यात रुजली. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे केंद्र उभे राहिले आणि १९८०च्या दशकात द्वारकेचे काम गाजले. गोव्याजवळ सुंची रीफ येथे सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. आफ्रिकेचा किनारा, चीन आणि गोवा यांना जोडणारा व्यापार एका खडकापाशी एकत्र येऊन पडला होता. याच संस्थेच्या संशोधकांनी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाच्या पाण्यातही शोध घेतला. विजयदुर्ग येथे त्यांना दगडी नांगर आढळले.

१२.
गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवरच्या अवशेषांतून अभ्यासकाने एक धडा घ्यावा. तिथे सापडलेल्या कौलारू मालावर बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा आणि १८६५ हे साल आहे. उत्साही माणूस लगेच म्हणेल, जहाज १८६५ मध्ये बुडाले. पण मंगळुरूचा तो कारखाना त्या साली सुरू झाला आणि ते साल ठशातच होते. त्यावरून इतकेच ठरते की जहाज १८६५ पूर्वी बुडालेले नाही. वस्तूवरचे साल आणि घटनेचे साल यांत अंतर असू शकते. शिलालेख वाचताना पाळायची सावधगिरी तळाशीही पाळावीच लागते.

१३.
आज मालवण, दांडी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात स्कूबा हा अनेक कुटुंबांचा चरितार्थ आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्या ‘निवास-न्याहारी’साठी, मागच्या चुलीवर पाहुण्यांचे जेवण आणि घरातला तरुण होडीवर प्रशिक्षक. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पाहुण्याला सकाळी होडीतून किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नेतात, तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतात आणि हात धरून काही मीटर खाली उतरवतात. प्रवाळ आणि माशांसोबत छायाचित्र काढले की सफर संपते. पाहुणा तळाला एकदाच भेटतो. प्रशिक्षक तोच तळ पूर्ण हंगामभर रोज पाहतो.

१४.
या तळाच्या मालकीचा वाद जुना आहे. १९८७ मध्ये शासनाने सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित केला. मासेमारी करणाऱ्यांना वाटले, आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाण्यातून आपल्यालाच हुसकले जाणार. त्यांनी विरोध केला. त्यांची भीती अनाठायी नव्हती. गाबीत समाजाच्या पूर्वजांनी मराठा आरमाराची जहाजे हाकली होती. किल्ला राष्ट्राचा वारसा ठरतो तेव्हा तो बांधताना आणि राखताना पाण्यात उभ्या राहिलेल्या लोकांच्या वंशजांना परके ठरवणे इतिहासालाही शोभत नाही. नियम वरून लादले की ते चुकवले जातात. तळ राखायचा तर तो रोज पाहणाऱ्यांना विश्वासात घ्यावेच लागेल.

१५.
पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो. त्या महिन्यांत लाटा तळाची वाळू सरकवतात. काही झाकले जाते, काही उघडे पडते. हंगाम सुरू झाल्यावर पहिली बुडी मारणाऱ्या प्रशिक्षकाला बदललेला तळ दिसतो. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठातून वर्षातून एकदा आलेल्या पथकाला तो बदल कसा कळणार? शिवाय कोळ्या-गाबितांकडे जागा लक्षात ठेवण्याची जुनी पद्धत असते. देवळाचे शिखर आणि बुरूज एका रेषेत, दुसरीकडे झाड आणि टेकडीचे टोक एका रेषेत. दोन रेषा छेदतात ती जागा. नकाशाशास्त्राच्या भाषेत हे काटेकोर स्थाननिश्चितीचेच तंत्र आहे.

१६.
आता खऱ्या धोक्याबद्दल. एखाद्या पर्यटकाला तळाशी नक्षीचे खापर दिसले आणि त्याने ते आठवण म्हणून खिशात टाकले, तर काय बिघडले? खापर तेच राहते, पण ते कशाशेजारी होते, कोणत्या थरात होते, ही माहिती कायमची नष्ट होते. नांगराशेजारचे खापर जहाजाबद्दल बोलते. कपाटातले खापर मुके असते. लोखंडाचे तर आणखी वाईट. शेकडो वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या तोफगोळ्यात क्षार मुरलेले असतात. वर आणून प्रक्रियेविना सुकवला की तो भेगाळतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. समुद्राने तीन शतके सांभाळलेली वस्तू दिवाणखान्यात काही वर्षांत भुगा होऊ शकते. होडीचा नांगर प्रवाळावर टाकल्यानेही हीच हानी होते.

१७.
कायदा काय म्हणतो? १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू पुरावशेष ठरते. तिच्या व्यापारावर निर्बंध आहेत आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पाण्याखालच्या वारशासाठी युनेस्कोने २००१ मध्ये स्वतंत्र करार केला. शक्यतो वस्तू आहे तिथेच जपावी आणि तिचा व्यापार करू नये, ही त्याची मुख्य तत्त्वे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात २००१ पासून पाण्याखालच्या संशोधनाचा विभाग आहे. परंतु देशाच्या हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर एक विभाग डोळ्यांत तेल घालून किती पाहणार?

१८.
विरोधाभास पाहा. नौदलाची ‘गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ मध्ये दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये पर्यटन महामंडळाच्या स्वाधीन झाली. निवतीजवळ ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करण्याची योजना आहे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण पर्यटकांना दाखवण्यासाठी आपण नवे जहाज बुडवणार, आणि खरोखर बुडालेल्या जुन्या जहाजांची साधी यादीही सामान्य वाचकाच्या हाती नाही! तट-बुरूज छायाचित्रात येतात म्हणून त्यांची काळजी वाहिली जाते. तळाच्या वाट्याला ते भाग्य नाही.

१९.
उत्साहाच्या दुसऱ्या टोकाबद्दलही सावध राहायला हवे. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली दगडी भिंत असल्याचे सांगितले जाते. तिच्यावर आदळून शत्रूची जहाजे फुटली, अशी कथा लोकप्रिय आहे. कथा सुंदर आहे, पण भिंतीचे वय कथेवरून ठरत नाही. समुद्राची पातळी युगायुगांत बदलत आली आहे. नैसर्गिक खडकही सरळ रेषेत फुटतात. तळाशी दिसलेला प्रत्येक चौकोनी दगड महाराजांच्या नावावर लावल्याने महाराजांचे मोठेपण वाढत नाही. त्यांच्या आरमाराला पुराव्याची उणीव नाही. आपल्याला उणीव आहे ती धीराची.

२०.
मग मालवणला जाणाऱ्या इतिहासप्रेमीने काय करावे?
काहीही उचलू नये, उलटू नये, साफ करू नये.
कॅमेरा असेल तर वस्तूचे छायाचित्र आजूबाजूच्या तळासह घ्यावे. मापासाठी हातमोजा किंवा पट्टी शेजारी धरावी, पण वस्तूला टेकवू नये.
खोली, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. किनाऱ्यावरच्या खुणा होडीवरच्या तांडेलाला विचाराव्यात.
अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. वस्तू पळवणारेही ते वाचतात.
माहिती पुरातत्त्व सर्वेक्षणाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवावी, आणि त्यात ती जागा दाखवणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाचे नाव, त्याची संमती घेऊन, अवश्य घालावे. चाकिरचे नाव जगाला ठाऊक आहे. आपल्या पाणबुड्याचे का असू नये?

२१.
आणि निवास-न्याहारी चालवणाऱ्या कुटुंबांना एक विनंती. माशांच्या नावांचे तक्ते जेवणाच्या खोलीत लावता, तसा एक तक्ता दगडी नांगर, जुनी भांडी आणि तोफगोळे यांच्या आकृत्यांचाही लावा. शेजारी एक वही ठेवा. ‘आज अमुक खडकापाशी वाळू सरकली, खाली लांबट दगड दिसला’ एवढीच नोंद, रोज, तारखेसह. शासनाचे पथक येईल तेव्हा येईल. दहा हंगामांची अशी वही एखाद्या बखरीइतकीच मोलाची ठरेल, आणि ती लिहिणारा त्याच किनाऱ्याचा माणूस असेल.

२२.
सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. महाराजांची जहाजे गेली कुठे? काही वादळात, काही लढाईत, बहुतेक बहुधा जुनी होऊन मोडीत. त्यांचे लाकूड समुद्राने खाल्ले. उरले असतील ते त्यांचे नांगर, त्यांचे दगड, त्यांच्या खलाशांनी वापरलेली मडकी. भिवंडी-कल्याणच्या खाडीत सुरू झालेल्या आरमाराची पहिली खबर आपण परक्यांच्या पत्रातून वाचतो. उरलेली हकीकत तळाशी आहे आणि तिची नक्कल कुठेही ठेवलेली नाही. कागदाचे पान फाडताना आपला हात थबकतो. पाण्याखाली हात पुढे करतानाही तो तसाच थबकायला हवा.

आपल्या गावाच्या खाडीत, बंदरात किंवा जुन्या धक्क्याजवळ दगडी नांगर, जहाजाचे भाग किंवा तारवांच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा. अचूक जागा मात्र लिहू नका.